संस्था चालवणं हे करिअर आहे का?

प्रश्न : मुलगी बी.कॉम. झाली. दोन वर्षं ती चार मैत्रिणींसह कोल्हापूरजवळ ऊसतोड कामगारांच्या मुलांचा वर्ग चालवते. पुरात चारावाटप केलं, मग आरोग्य शिबिरं, झाडं लावणं. सगळं तीच बघते. आता संस्था नोंदवायची म्हणते, बँकेची परीक्षा नको म्हणते. मी खजिनदार व्हायला तयार आहे. पण यात पोट भरेल का? (एक पालक, कोल्हापूर)

उत्तर : भरेल, पण तिचा पगार पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात लिहिलेला असेल तरच. आपल्याकडे संस्थाचालकानं मानधन घेतलं की लोक भुवया उंचावतात. त्यापायी चांगली मुलं तिशीत दमून बाहेर पडतात. पाच वर्षांच्या आराखड्यात वर्ग, वह्या, सहली सगळं असतं. चालवणाऱ्या माणसाचं घरभाडं नसतं. असा आराखडा कागदावरच राहतो.

तिला आधी कामाची छाटणी करायला सांगा. चारा, शिबिरं, झाडं ही कामं चांगलीच आहेत, पण ती करणारे इथे बरेच आहेत. तिचं काम मुलांचं. गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला टोळ्या बीडकडे परततात. म्हणजे हातात जेमतेम पाच महिने. वर्गात किती मुलं बसली यापेक्षा, परत गेल्यावर किती जणांची नावं गावच्या शाळेत टिकली हे मोजा. मुलांना शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलाचं शिक्षण दुसऱ्या गावच्या शाळेत पुढे चालू राहावं म्हणून शाळा देते ते) मिळालं का, हे टोळी निघण्याआधी बघायचं. उरलेल्या महिन्यांत निधी, हिशेब आणि मुकादमांशी बोलणी.

आता पैसा. मोठ्या कंपन्यांना २०१३च्या कायद्यानुसार सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. मुलं त्याच आशेवर बसतात. पण बाहेरच्या संस्थेला तो निधी मिळायला तशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव आणि आयकराची १२ए, ८०जी नोंदणी (संस्थेला आणि देणगीदाराला करसवलत देणारी) लागते. म्हणून सुरुवातीची वर्षं शिरोली, गोकुळ शिरगावच्या छोट्या कारखानदारांच्या आणि ओळखीपाळखीच्या देणग्यांवर काढायची, हे धरूनच चाला. याच काळात तिनं कोल्हापुरातल्या ‘सायबर’ या शिक्षणसंस्थेतून एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करावं. दोन वर्षांचा अभ्यास, त्यात क्षेत्रकार्य, आणि कोल्हापूर सोडायला नको. उद्या संस्था नाही चालली तरी ही पदवी दुसरीकडे नोकरीला उपयोगी पडेल.

‘सगळं तीच बघते’ हे तुम्ही कौतुकानं लिहिलंय. मला त्याचीच काळजी वाटते. ती आठवडाभर आजारी पडली तर वर्ग कोण उघडेल? एका मैत्रिणीकडे हिशेब, दुसरीकडे पालक आणि मुकादम, अशी वाटणी आत्ताच व्हावी. नुसती कामं वाटून भागत नाही, निर्णयही त्यांचे त्यांना घेऊ द्यावेत, चुकले तरी. महिन्याला बैठक आणि तिचं इतिवृत्त हवं. धर्मादाय कार्यालयात नोंदणी झाली की दरवर्षी लेखापरीक्षण आलं. विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत बदल अर्जही. गावोगावच्या संस्था बंद पडतात त्या बऱ्याचदा अशा राहून गेलेल्या कागदांमुळे.

बँकेच्या परीक्षेचा आग्रह तूर्त सोडा. दोन दगडांवर पाय ठेवून ती दोन्हीकडे अर्धवट राहील.

आणि खजिनदार मात्र तुम्ही होऊ नका. बाप खजिनदार, लेक अध्यक्ष हे पाहिलं की देणगीदार हात आखडता घेतो, आणि घरात हिशेब विचारायचीही पंचाईत. त्यापेक्षा दरमहा जमेल तेवढी देणगी द्या, आणि पावती मागून घ्या.