सीझरची जुनी फाइल : मुदत 9 ला नाही, 7 ला संपते

प्रश्न इंदूरहून आला आहे. पहिलं बाळंतपण खासगी नर्सिंग होममध्ये, सीझर. आता सातवा महिना, आणि या वेळी नॉर्मल व्हावं अशी इच्छा. नव्या डॉक्टरबाई आधीच्या ऑपरेशनच्या नोट्स मागतात. जुनं नर्सिंग होम दोन महिने ‘कल आइए’ म्हणतं. हातात फक्त डिस्चार्ज कार्ड, त्यावर ‘एलएससीएस’, म्हणजे गर्भपिशवीच्या खालच्या भागात छेद घेऊन केलेलं सीझर. पहिलं सीझर विनाकारण केलं असं यजमानांना वाटतं, म्हणून केस करावी का, असंही विचारलं आहे. मुलाला येत्या 9 तारखेला तीन वर्षं पूर्ण होतील. भरती झाली होती 7 च्या रात्री.

ताई, असे प्रश्न वरचेवर येतात आणि बहुतेक वेळा उशिराच येतात. दोन महिने खेटे घातलेत, पण एक ओळ लेखी दिली नाहीत. तोंडी मागणी पुढे सिद्ध करता येत नाही.

सगळं एका नियमावर अडलं आहे. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या आचारनियमांत कलम 1.3.1 प्रमाणे भरती रुग्णाचे कागद डॉक्टरने तीन वर्षं जपायचे असतात, आणि 1.3.2 प्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर 72 तासांत द्यायचे असतात. ही तीन वर्षं ‘उपचार सुरू झाल्याच्या तारखेपासून’ मोजतात. डिस्चार्जपासून नाही, बाळाच्या वाढदिवसापासूनही नाही. म्हणजे तुमचा शेवटचा दिवस 9 नव्हे, 7. त्यानंतर ‘फाइल नष्ट केली’ हे उत्तर त्यांना नियमात बसवून देता येईल, आणि मग कोणताही वकील ती फाइल परत आणू शकणार नाही. (2023 च्या नव्या नियमांचा हवाला कोणी दिला तर ऐकू नका. ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगित झाले, 2002 चेच नियम चालू आहेत.)

म्हणून अर्ज उद्याच. हिंदीत लिहा, काउंटरवर कोणी मराठी वाचणार नाही. नर्सिंग होमच्या नावाने आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरच्या नावाने, दोघांना वेगवेगळा, कारण आचारनियमांची जबाबदारी डॉक्टरवर आहे. भरतीची तारीख आणि कार्डावरचा नोंदणी क्रमांक घाला. ‘सगळे कागद’ असं मोघम मागू नका. ऑपरेशन नोट्स, भुलेच्या नोट्स, कळा चालू असतानाचा तक्ता, संमतिपत्र आणि नर्सिंगच्या नोंदी अशी नावं घ्या. कॉपीवर मोहर, सही, तारीख घ्या. मोहर नाकारली तर त्याच दिवशी स्पीड पोस्ट करून पावती जपा. यजमान जाणार असतील तर तुमच्या सहीचं अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत सोबत हवी. झेरॉक्सचा खर्च भरा, वाद घालू नका.

आणि त्या अर्जात केसचं अक्षरही नको. धमकी वाचली की फाइल कपाटातून निघून त्यांच्या वकिलाकडे जाते.

या कागदाचं एवढं महत्त्व का, तर गर्भपिशवीवरचा छेद पोटावरच्या टाक्यांवरून कळत नाही. खालच्या भागात आडवा छेद असेल तर पुढच्या कळांत पिशवी फाटण्याचा धोका साधारण दोनशेत एक. वरच्या भागात उभा असेल तर शंभरात चार ते नऊ, आणि तिथे नॉर्मलचा प्रयत्न करत नाहीत. ‘एलएससीएस’वरून छेद खालचा, एवढं समजतं, तो बाजूला फाटला होता का, उलट्या टी-सारखा वाढवावा लागला का, हे फक्त नोट्स सांगतात. सीझरचं कारणही तिथेच असतं: बाळ पायाळू होतं की कळा येऊनही वाट उघडली नाही, यावर या वेळचा अंदाज बदलतो. नोट्स मिळाल्याच नाहीत तर नॉर्मलची वाट आपोआप बंद होत नाही, पण तो निर्णय डॉक्टरबाईंचा; त्यात कायदा पडत नाही.

72 तास उलटले तर भोपाळच्या मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिलकडे त्याच आचारनियमांच्या कलम 7.2 खाली तक्रार करा. इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात ग्राहक कायद्याच्या कलम 38(8) खाली अंतरिम आदेशही मागता येतो. मिळेलच असं नाही. कायद्याने तक्रार तीन महिन्यांत निकालात काढायची, प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, आणि तुमच्याकडे आठवडे मोजकेच आहेत. क्लेम झाला असेल तर विमा कंपनीकडेही आजच प्रती मागा.

केसबद्दल थोडक्यात. ग्राहक कायद्याच्या कलम 69 ची दोन वर्षांची मुदत केव्हाच गेली. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण ‘माहीत नव्हतं’ हे सहसा पुरत नाही. यजमानांना आत्ता यात गुंतू देऊ नका.

या बाळंतपणाच्या संमतीकडे मात्र नीट बघा. कोरा फॉर्म आताच ओपीडीत मागून घरी वाचा. कळा सुरू झाल्यावर कोणी वाचत नाही. ‘डॉक्टरांना योग्य वाटेल ते सर्व’ अशी ओळ असेल तर ती खोडायला लावा. 2008 च्या समीरा कोहली निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की एका प्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही. अपवाद फक्त जीव किंवा आरोग्य वाचवण्यासाठी थांबणं शक्य नसेल तेव्हाचा. नॉर्मलच्या प्रयत्नाची संमती वेगळी, लागलंच तर तातडीच्या सीझरची वेगळी. नसबंदी किंवा कॉपर-टी नको असेल तर तसं स्पष्ट लिहा. कळा आणायला औषध देणार असतील तर आधी सांगावं, हेही लिहा, कारण त्याने पिशवी फाटण्याचा धोका वाढतो. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते. यजमानांची नसली म्हणून तुमची संमती अडत नाही.

डॉक्टरबाई नॉर्मलला तयार नसतील तर त्यांना भाग पाडता येत नाही, पण पुरेशी सूचना न देता त्यांना तुम्हाला सोडताही येत नाही. ‘नाही’ असेल तर ते याच महिन्यात लेखी घ्या, म्हणजे रात्री-अपरात्रीही भूलतज्ज्ञ, रक्त आणि ऑपरेशनची सोय असलेलं दुसरं रुग्णालय शोधायला वेळ राहील.