चौकटीच्या जुन्या पट्ट्या जुळवताना: आधी रंग खरवडा, मग माप द्या

तुमची पोस्ट वाचली आणि आमचं सांगलीचं घर डोळ्यासमोर आलं. मधली भिंत काढून दोन खोल्यांची एक केली, आता चौकटीभोवतीची सागवानी पट्टी वीसेक फूट कमी पडतेय आणि रेडीमेड मोल्डिंग (बाजारात तयार मिळणारी नक्षीची पट्टी) कुठलंच जुळत नाही, हेच ना? आमचंही अगदी हेच झालेलं.

सागवानाला सागवानच लावा वगैरे तुम्हाला माहीतच असेल. माझी चूक सॅम्पलमध्ये झाली. जुन्या पट्टीचा तुकडा मी होता तसाच लाकडाच्या मिलवाल्याला दिला. त्यावर ऑइलपेंटचे पाच-सहा हात, त्यात गोल्याशेजारची (गोला म्हणजे पट्टीवरचा गोलाकार उंचवटा) बारीक खाच पार बुजलेली, कडा बोथट, जाडीही थोडी जास्त. त्याने त्यावरूनच कटर बनवला, ९० फूट पट्टी काढून दिली. इकडे आम्ही जुन्या पट्ट्यांचा रंग काढून पॉलिशला घेतलेल्या, शेजारी नवी धरली तर कुठेच मेळ नाही! त्याच्याकडे गेलो तर म्हणे सॅम्पलप्रमाणेच दिलंय. अहो, रोज हेच काम करणाऱ्या माणसाला रंगाचे थर दिसत नाहीत? एक शब्द बोलला असता तर आमचे पैसे आणि महिना वाचला असता. अजून राग येतो मला त्याचा.

तेव्हा तुकडा आधी नागव्या लाकडापर्यंत खरवडा, टोक आडवं सरळ कापा, कागदावर ठेवून पेन्सिलने आकार काढा. जुनं काम हाताच्या रंध्याचं असतं, भिंतीगणिक फरक पडतो, म्हणून नवी पट्टी जिला भिडणार आहे तिचंच माप घ्या.

आम्ही शेवटी माळ्याच्या दाराच्या आणि कपाटामागच्या जुन्या पट्ट्या काढून पुढच्या खोलीत लावल्या आणि ती नवी तिकडे आत. माझ्या मते हाच सगळ्यात चांगला उपाय, जुन्याला जुनंच शोभतं.

नव्या सागाला लगेच गडद स्टेन (लाकडाला रंग चढवायचं द्रावण) मारू नका, उजेडाने तो काही महिन्यांत आपोआप गडद होतो, मग तुमचा स्टेन जास्तच काळा दिसेल. मी सुतार नाही हां, स्वतःच्या घरापुरतं सांगतोय. आणि रंग कोरडा घासू नका, घरात लहान मूल असेल तर नक्कीच नको. रंगातल्या विषारी शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून आली, त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. ओलं करून घासा, मास्क लावा.

पट्टी किती सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाड आहे आणि गोला एकेरी की दुहेरी ते कळवा, खरवडल्यानंतरचं माप हं.