बिंबिकांच्या संशोधनासाठी एमबीबीएस हवेच का?

आदरणीय ताई,

गेल्या पावसाळ्यात मुलीला डेंग्यू झाला, प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या बिंबिका, झपाट्याने उतरल्या, आणि तेव्हापासून बारावीतली ती ‘मी याच पेशींवर संशोधन करणार’ असे म्हणते. त्यासाठी एमबीबीएस हवेच का, आणि नीटमध्ये गुण कमी पडले तर एक वर्ष थांबावे का, असे आपण विचारले आहे.

एमबीबीएस हवेच असे नाही. रुग्णांवर उपचारही करायचे असतील तर एमबीबीएस, एमडी आणि पुढे रक्तविकारशास्त्रातील डीएम असा साधारण साडेअकरा वर्षांचा मार्ग आहे. परंतु तिला ‘असे का घडते’ याचाच ध्यास असेल, तर आयसरचा (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेचा) पाच वर्षांचा बीएस-एमएस किंवा बीएससी-एमएससी आणि त्यानंतर पीएचडी हा मार्ग तितकाच प्रतिष्ठेचा आहे. आयसरची प्रवेश परीक्षा वेगळी असते, त्यामुळे केवळ नीटसाठी वर्ष घालवावे असे मला वाटत नाही.

विषय मात्र तिने फार चांगला निवडला आहे. बिंबिकांना केंद्रक नसते आणि त्या जेमतेम सात ते दहा दिवस जगतात. म्हणूनच अ‍ॅस्पिरिनने निकामी केलेले विकर (एन्झाइम) त्या पुन्हा तयार करू शकत नाहीत आणि औषधाचा परिणाम त्या पेशीच्या आयुष्यभर टिकतो. रक्तस्राव थांबवण्यातले त्यांचे काम इटालियन संशोधक बिझोझेरो यांनी १८८२ मध्ये दाखवले. पण दाह होत असताना त्या पांढऱ्या पेशींना चिकटून त्यांना चेतवतात, आणि त्या पेशींनी फेकलेल्या डीएनएच्या जाळ्यात रक्ताची गुठळी धरते, हे अलीकडच्या दोन दशकांत उलगडत गेले. कोविडमधील गुठळ्यांनी या प्रश्नाची निकड साऱ्या जगाला दाखवली.

कामाचे स्वरूपही तिला आधीच सांगावे. बिंबिका फ्रीजमध्ये ठेवून चालत नाही, आणि प्रयोगासाठी ताजे रक्त काही तासांतच वापरावे लागते. त्यामुळे दिवसाचे वेळापत्रक रक्तदाता केव्हा येतो त्यावर ठरते, आणि सुई टोचताना जरा चूक झाली तरी पेशी आधीच चेतून सगळा नमुना वाया जातो. हे सोसणारा स्वभाव आहे का, हे गुणपत्रिकेवरून कळत नाही.

पैशांची आपली काळजी रास्त आहे. सीएसआयआर-यूजीसी नेट या परीक्षेतून पीएचडीसाठीची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती (जेआरएफ) मिळाल्यास २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. स्थिर नोकरी मात्र बहुधा तिशीनंतरच लागते, आणि तोवर तिच्यावर घर चालवण्याचा भार पडू नये, एवढी तयारी आपण ठेवावी.

मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) रक्तविकारांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षी तिने तिथे उन्हाळी प्रकल्पासाठी स्वतः पत्र लिहावे. ते पत्र आपण लिहून देऊ नये.