ऐंशी हजारांचे कॉफी यंत्र हप्त्यांवर घ्यावे का?

प्रश्न : आम्ही दोघे नोकरी करतो आणि सासूबाईंसह वाकडला राहतो. दोघांचे मिळून हाती १,४५,००० रुपये येतात. गृहकर्जाचा हप्ता ५२,०००, घरखर्च ४५,००० आणि एसआयपी १५,००० रुपये आहे. बचत खात्यात ८०,००० रुपये आहेत. याखेरीज बाहेरच्या कॉफीवर महिन्याला ९,००० रुपये जातात. त्यांपैकी ३,६०० शनिवार-रविवारी मित्रांबरोबर कॅफेत आणि ५,४०० ॲपवरून मागवलेल्या साधारण वीस कपांवर. ६२,००० रुपयांचे एस्प्रेसो यंत्र आणि १८,००० रुपयांचा ग्राइंडर १२ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेतला, तर नऊ महिन्यांत पैसे वसूल होतील, असे आमचे गणित आहे. ते योग्य आहे का? शिवाय मी ५० ग्रॅमला ५०० रुपये देऊन दार्जिलिंग चहा आणते. ती उधळपट्टी आहे, असे घरात म्हटले जाते.

उत्तर : घरी चांगली कॉफी करण्याची तुमची इच्छा मला पूर्णपणे पटते, आणि त्यासाठी पैसे बाजूला काढणे गैर नाही. मात्र नऊ महिन्यांचे गणित मला मान्य नाही, कारण त्यात बाहेरचा सगळा खर्च थांबेल आणि घरची कॉफी फुकट पडेल, अशी दोन गृहीतके न सांगता धरलेली आहेत.

शनिवार-रविवारचे ३,६०० रुपये तुम्ही कॉफीसाठी देत नाही, मित्रांच्या सहवासासाठी देता. यंत्र घरी आले म्हणून ते वाचणार नाहीत. यंत्र बदलू शकते ते फक्त ॲपवरचे वीस कप. आता घरच्या कपाची किंमत पाहू. चिकमगळूर किंवा कोडगूच्या चांगल्या, ताज्या भाजलेल्या बियांची २५० ग्रॅमची पिशवी तुम्ही ५५० रुपयांना घेता, असे धरू. एस्प्रेसोच्या दुहेरी शॉटला, म्हणजे एका कपासाठी दाबाखाली काढलेल्या दाट अर्काला, साधारण १८ ग्रॅम पूड लागते. कागदावर पिशवीत जवळपास चौदा शॉट बसतात, परंतु प्रत्येक नव्या पिशवीला दळण जुळवून घेताना एकदोन शॉट सिंकमध्ये जातात, म्हणून बारा धरावेत. बियांचे ४६ रुपये आणि दुधाचे सुमारे १० रुपये मिळून एक कप ५६ रुपयांना पडतो. ॲपवरच्या २७० रुपयांच्या तुलनेत हे स्वस्तच आहे. वीस कपांवर महिन्याला ४,२८० रुपये वाचतात आणि ऐंशी हजार वसूल व्हायला सुमारे १९ महिने लागतात.

पण घरात यंत्र आल्यावर कोणी महिन्याला वीसच कप पीत नाही. दोघांनी रोज एकेक कप घेतला, तर साठ कपांचे ३,३६० रुपये होतात, बचत २,०४० रुपयांवर येते आणि वसुलीला सव्वातीन वर्षे लागतात. माझ्या मते हाच आकडा वास्तवाच्या जवळ आहे. त्यात दुरुस्ती धरलेली नाही. वाकडसारख्या भागात अनेक सोसायट्यांना टँकरचे किंवा बोअरचे पाणी येते. तुमच्या किटलीच्या तळाशी पांढरा थर बसत असेल, तर तोच थर यंत्राच्या बॉयलरमध्येही बसेल. नियमित डीस्केलिंग, म्हणजे साचलेला थर काढणे, करावे लागेल, आणि क्षारांमुळे झालेला बिघाड वॉरंटीतून वगळलेला आहे का, हे अटी वाचून आधीच पाहावे लागेल.

आता ‘नो-कॉस्ट’ या शब्दाकडे वळू. शून्य टक्के व्याजाच्या योजनांत व्याज प्रत्यक्षात इतर मार्गांनी वसूल होते, हे दाखवून रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना अशा योजनांना मनाई केली. तेव्हापासून सर्वसाधारण रचना अशी असते की बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढीच सूट सुरुवातीला देतो. तुमच्या बाबतीत क्रेडिट कार्डाचा दर वार्षिक १५ टक्के असेल, तर वर्षभराचे व्याज सुमारे ६,१०० रुपये होते. ते विक्रेत्याच्या सवलतीत वळते होते, परंतु त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण १,१०० रुपये, आणि वर प्रक्रिया शुल्क तुमच्याच खिशातून जाते. रक्कम मोठी नाही. म्हणूनच मी याहून महत्त्वाचा प्रश्न विचारतो : हप्ता नको, पैसे एकरकमी देतो, असे सांगितले तर विक्रेता किती कमी करतो? तो जितके कमी करील, तितका हप्त्यांचा खरा खर्च. शिवाय कार्डाची ८०,००० रुपयांची मर्यादा त्यात अडकते आणि ती हळूहळूच मोकळी होते.

मला खरी चिंता तुमच्या बचत खात्याची वाटते. गृहकर्ज आणि घरखर्च मिळून तुमची महिन्याची गरज ९७,००० रुपयांची आहे आणि हाताशी ८०,००० आहेत, म्हणजे एक महिनाही पुरा निघत नाही. दोघांपैकी एकाची नोकरी गेली किंवा सासूबाईंना रुग्णालयात ठेवावे लागले, तर यंत्राचा ६,६६७ रुपयांचा हप्ता तेव्हाही थांबणार नाही. त्यातच तुम्ही दिलेल्या आकड्यांनुसार कॉफीसकट सर्व खर्च वजा जाता महिन्याला २४,००० रुपये उरायला हवेत. ते खात्यात साठलेले दिसत नाहीत. ते कुठे जातात, हे कॉफीच्या हिशेबापेक्षा आधी शोधायला हवे. म्हणून यंत्र आत्ता हप्त्यांवर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा अर्थ वर्षभर ॲपवरची कॉफी पीत राहावे, असा मुळीच नाही. चव सर्वांत जास्त सुधारते ती ताज्या बिया आणि एकसारखे दळण यांनी, आणि हे दोन्ही स्वस्तात मिळू शकते. मिक्सरच्या पात्याने बियांचे तुकडे होतात. त्यात भुकटीही असते आणि जाड कणही. भुकटीतला कडवटपणा आधी उतरतो, जाड कणांतला अर्क आतच राहतो, आणि एकाच कपात कडू व आंबट चव एकत्र येते. बर ग्राइंडर दोन दातेरी भागांमध्ये बी दळतो, त्यामुळे कण बरेच सारखे पडतात. हाताने फिरवायचा चांगला बर ग्राइंडर, मोका पॉट (गॅसवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी काढण्याचे भांडे) आणि छोटा वजनकाटा एवढे सामान सुमारे ९,००० रुपयांत, म्हणजे तुमच्या एका महिन्याच्या कॉफीखर्चात बसते. मोका पॉटमध्ये एस्प्रेसोइतका, म्हणजे सुमारे ९ बारचा (हवेच्या दाबाच्या जवळपास नऊपट), दाब तयार होत नाही आणि कॉफीवर तशी फेसाची साय येत नाही, हे खरे. पण दुधातली दाट, खमंग कॉफी त्यात उत्तम होते. खालच्या भांड्यात गरम पाणी घ्यावे, पूड दाबून भरू नये, आच मंद ठेवावी आणि खुळखुळ आवाज सुरू होताच पॉट उतरवावा. एका कपाला १५ ग्रॅम पूड धरली तर दुधासह ४३ रुपये होतात, आणि दोघांनी रोज कप घेतला तरी नऊ हजार साडेतीन महिन्यांच्या आत वसूल होतात. चिकोरी चालत असेल, तर स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर त्याहूनही स्वस्त पडतो.

बिया मात्र भाजल्याची तारीख पाहूनच घ्याव्यात, आणि सवलत आहे म्हणून किलोभर आणू नयेत. भाजल्यानंतर महिना-दीड महिन्यात संपतील एवढ्याच आणाव्यात.

दार्जिलिंगबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. एका कपाला अडीच ग्रॅम पत्ती लागते, म्हणजे ५० ग्रॅममध्ये वीस कप आणि कपाला २५ रुपये. ॲपवरच्या एका कॉफीच्या पैशांत तुमचे दहा कप होतात, आणि तीच पत्ती दुसऱ्यांदाही पाणी घालून चालते. ती दुधात उकळली तर मात्र पैसे खरोखर वाया जातात. पाणी उकळून मिनिटभर थांबावे, मग ते पत्तीवर ओतून तीन मिनिटे झाकून ठेवावे आणि गाळून दुधाशिवाय प्यावे. पाकीट लहानच घ्यावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्यांपासून दूर ठेवावे. आले-गवती चहा घालून उकळण्यासाठी सीटीसी, म्हणजे नेहमीची दाणेदार, पत्तीच योग्य. सासूबाईंच्या चहात काहीही बदलू नये.

पुढे असे करावे. पुढच्या वेतनातून ९,००० रुपयांचे सामान रोखीने घ्यावे आणि ॲपवरची कॉफी बंद करावी. त्याच महिन्यापासून, यंत्राचा हप्ता गेला असता असे समजून, ६,६६७ रुपयांचे बारा महिन्यांचे आवर्ती ठेव खाते उघडावे. ती रक्कम आपत्कालीन निधीची आहे. उरणाऱ्या २४,००० रुपयांचा माग लागला की त्यातलाही मोठा भाग तिकडेच वळवावा. निधीत निदान तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे २,९१,००० रुपये, जमेपर्यंत यंत्राचा विषय काढू नये, आणि तो जमल्यावर सहा महिन्यांपर्यंत वाढवत न्यावा. तीन महिन्यांचा टप्पा गाठल्यावरही तुम्ही रोज हाताने बिया दळत असाल, तर यंत्रासाठी वेगळी बचत सुरू करावी आणि ते एकरकमी घ्यावे. हातातला ग्राइंडर एस्प्रेसोइतके बारीक दळणारा निवडला असेल, तर त्या वेळी १८,००० रुपयांच्या दुसऱ्या ग्राइंडरची गरज उरणार नाही. म्हणून आत्ता खरेदी करतानाच दुकानदाराला हे विचारून घ्यावे.