पुंगळी डायमध्ये अडकू नये म्हणून कोणते वंगण वापरावे

आपल्या प्रश्नाचा सारांश असा की .३०८ विंचेस्टर या रायफल काडतुसाच्या, पुन्हा भरायला घेतलेल्या पुंगळ्यांना (बार झाल्यावर उरणाऱ्या पितळी कवचांना) स्प्रेचे वंगण मारूनही त्यातली एक रिसायझिंग डायमध्ये, म्हणजे पुंगळी आवळून मापावर आणणाऱ्या पोलादी साच्यात, घट्ट अडकली, काढताना तिच्या बुडाची कड शेलहोल्डरने (दांड्याने चालणाऱ्या प्रेसमध्ये पुंगळीचे बूड धरणाऱ्या भागाने) फाडली, आणि आता कोणते वंगण घ्यावे, घरातले डब्ल्यूडी-४० चालेल का, आणि ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाच्या पुंगळ्यांनाही तेच लावावे का, हे आपल्याला हवे आहे. डब्ल्यूडी-४० नको, एवढे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे येईलच.

आधी डायच्या आत काय घडते ते पाहू. काडतुसाचे पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. बार उडाल्यावर पुंगळी चेंबरच्या, म्हणजे बंदुकीत काडतूस बसते त्या जागेच्या, भिंतीपर्यंत फुगते, आणि फुल-लेंथ (पूर्ण लांबीला आवळणारी) डाय तिला पुन्हा आवळून जवळपास मूळ मापावर आणते. हे आवळणे सर्वांत जास्त होते ते बुडाच्या किंचित वर, जिथे भिंत जाड असते आणि पितळ सहजी दबत नाही. तिथे दाब एवढा असतो की पातळ तेलाचा थर बाजूला ढकलला जातो, पितळ थेट पोलादाला घासते, डायच्या भिंतीला चिकटू लागते, आणि एकदा ते चिकटले की प्रेसचा दांडा कितीही जोर लावून ओढला तरी पुंगळी येत नाही, तिची कड मात्र येते. म्हणून वंगण किती निसरडे आहे यापेक्षा प्रचंड दाबाखाली त्याचा थर टिकतो की नाही हे महत्त्वाचे.

डब्ल्यूडी-४० या कसोटीत बसत नाही. नावातच त्याचे मूळ काम आहे: पाणी हटवणे, आणि त्या प्रयोगमालेतला चाळिसावा प्रयत्न. त्याचा बराचसा भाग उडून जाणारे द्रावक असते आणि मागे उरतो तो हलक्या तेलाचा पातळ थर. शिवाय असे झिरपणारे तेल पुंगळीच्या आत राहिले तर प्रायमर (बुडातली, ठिणगी देणारी टोपी) आणि पावडर, म्हणजे दारू, बिघडवू शकते. एखादी पुंगळी त्याने सुटेलही, पण रोजच्या कामासाठी त्याच्या वाटेला जाऊ नये.

९ मिलिमीटरचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. आपली डाय कार्बाइडची असेल तर स्वच्छ पुंगळ्या कोरड्याच चालतात, कारण टंगस्टन कार्बाइड इतके कठीण आणि गुळगुळीत असते की पितळ त्याला चिकटत नाही. तरीही ९ मिलिमीटरची पुंगळी किंचित निमुळती असल्यामुळे दांडा जड जातो, आणि ढिगातल्या काही पुंगळ्यांवर वंगणाचा हलका फवारा मारला तर सगळ्यांचेच काम सुखाचे होते. मात्र यावरून असा निष्कर्ष काढू नये की रायफलसाठी कार्बाइडची डाय घेतली की वंगणाची कटकट संपली. बाटलीसारखी मान असलेल्या पुंगळीला कार्बाइडच्या डायमध्येही वंगण लागतेच.

आता .३०८ कडे वळतो. माझ्या मते वंगण निवडताना आपण एका वेळी किती पुंगळ्या करणार आणि नंतर ते कसे पुसणार, हे दोनच प्रश्न विचारावेत.

थोड्या पुंगळ्या आणि नेमकेपणा हवा असेल तर साइझिंग वॅक्स, म्हणजे डबीतले घट्ट मेण, याच्याइतके भरवशाचे दुसरे काही मी मानत नाही. इम्पीरियलचे मेण याच प्रकारचे. बोटाच्या टोकाला जेमतेम जाणवेल एवढे मेण घ्यावे, अंगठा आणि तर्जनी यांच्यात पुंगळी फिरवत ते बुडाच्या वरच्या पट्ट्यावर जास्त आणि उरलेल्या अंगावर कमी पसरवावे, खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर, मुद्दाम लावूच नये. बोटावर उरलेले मेण पुढच्या पुंगळीलाही पुरते. दांडा खाली येताना हाताला सलग, मऊ दाब जाणवला पाहिजे; मध्येच तो अडखळला किंवा करकरला तर तिथेच थांबून, जोर न लावता, पुंगळी बाहेर काढून पुन्हा मेण लावावे.

खांद्याबद्दल एवढे आवर्जून सांगण्याचे कारण असे की वंगण दाबले जात नाही. डाय आणि खांदा यांच्यामध्ये त्याचा साठा अडकला की ते पितळालाच आत ढकलते आणि खांद्यावर खळगा पडतो. उथळ खळगा पुढच्या बाराला सरळ होतो, पण तो दिसणे म्हणजे वंगण जास्त झाल्याची खूण. डायच्या अंगाला असलेले बारीक छिद्र हवा आणि जादा वंगण बाहेर जाण्यासाठीच असते. ते बुजलेले तर नाही ना, हे पाहावे.

एका वेळी मोठा ढीग करायचा असेल तर लॅनोलिन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांचे मिश्रण उत्तम. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतले मेणचट द्रव्य, आणि दाबाखाली थर टिकवण्यात ते पक्के आहे. एक भाग द्रवरूप लॅनोलिनला दहा ते बारा भाग अल्कोहोल हे प्रमाण प्रचलित आहे. अल्कोहोल ९९ टक्क्यांचे घ्यावे, कारण ७० टक्क्यांच्या अल्कोहोलमधल्या पाण्यात लॅनोलिन नीट मिसळत नाही. बाटली दर वेळी हलवावी, पुंगळ्या तबकात पसरून फवारावे, तबक हलवून त्या लोळवाव्यात, पुन्हा फवारावे, आणि मग अल्कोहोल पूर्ण उडेपर्यंत काही मिनिटे हात लावू नये. अल्कोहोल ज्वालाग्राही आहे, तेव्हा खोली हवेशीर असावी आणि जवळपास ज्योत नसावी.

आपली पुंगळी अडकण्याचे कारण मला इथेच दिसते. स्प्रेच्या वंगणात उडून जाणारे द्रावक हे केवळ वाहन असते आणि खरे वंगण ते उडाल्यावर उरते. ओली पुंगळी डायमध्ये घातली, किंवा एकाच बाजूने फवारा बसून दुसरी बाजू कोरडी राहिली, की तोच डबा बदनाम होतो. त्यात डाय नवी असेल तर तिच्यावरचे गंजरोधक तेल आधी पुसून काढावे लागते, आणि पहिल्या काही पुंगळ्यांना हात थोडा सैल सोडावा. बाजारातले पाण्यात विरघळणारे वंगण पॅडवर पुंगळ्या लोळवून लावतात. तेही काम करते, पण पॅडवर धूळ बसली की ती डायच्या भिंतीवर रेघा मारते. म्हणून कोणतेही वंगण लावण्याआधी पुंगळ्या स्वच्छ हव्यात.

मानेचा आतला भाग बहुतेक जण विसरतात. एक्स्पांडरचा, म्हणजे मान आतून मापावर आणणाऱ्या काडीचा, गोळा बाहेर येताना कोरड्या मानेतून घासत आला तर किंचाळल्यासारखा आवाज होतो, मान लांबते आणि खांदाही थोडा पुढे ओढला जातो. मानेत ब्रशने ग्रॅफाइट किंवा अभ्रकाची भुकटी फिरवली की पुरे. याच कारणाने वंगणाचा समानपणा मला त्याच्या नावापेक्षा मोलाचा वाटतो: बोल्ट-ॲक्शन (हाताने बोल्ट मागेपुढे करून चालवायच्या) रायफलसाठी खांदा आपण इंचाच्या एक-दोन हजारांशाने मागे नेतो, आणि एका पुंगळीला जास्त, दुसरीला कमी वंगण लागले तर डाय न हलवताही ते माप बदलत राहते.

काम झाल्यावर वंगण काढून टाकणे सक्तीचे समजावे. बार होताना पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरून मागे येणारा काही भार स्वतः पेलते. ती तेलकट असेल तर तो सगळा भार बोल्टवर, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या भागावर, येतो. प्रायमर बसवण्यापूर्वी मक्याच्या कणसाच्या भुशात पुंगळ्या अर्धा तास फिरवाव्यात आणि नंतर फ्लॅश-होलमध्ये (प्रायमरची ठिणगी आत जाण्याच्या छिद्रात) कण अडकलेले नाहीत ना, हे एकेक पाहावे. मेण थोडेच असेल तर अल्कोहोलने भिजवलेले फडकेही पुरते. अमोनिया असलेले पितळेचे पॉलिश मात्र टाळावे. ब्रिटिश लष्कराच्या हिंदुस्थानातल्या काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जात, कारण ती तबेल्यांत ठेवलेली असत आणि घोड्यांच्या मूत्रातला अमोनिया ताणात असलेल्या पितळाला फोडत असे; त्याचा उलगडा १९२१ साली झाला. रिसाइझ केलेल्या पितळात तसाच ताण शिल्लक असतो.

अडकलेल्या पुंगळीसाठी प्रेसचा दांडा आणखी ओढू नका. एक्स्पांडरची काडी सोडवून काढा, प्रायमरच्या जागेतून बुडाला भोक पाडा, त्यात १/४-२० चा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) फिरवा, आणि डायच्या तोंडावर मोठ्या नळीसारखा आधार ठेवून त्या आट्यांत स्क्रूसारखा बोल्ट आवळत न्या म्हणजे पुंगळी हळूहळू बाहेर येईल. याचा तयार संचही मिळतो. मग डाय द्रावकाने धुऊन उजेडात पाहा. भिंतीला पिवळी रेघ चिकटलेली दिसली तर ती घासून काढल्याशिवाय पुढची पुंगळी आत घालू नका, कारण तिच्यावर कितीही चांगले मेण लावले तरी ती त्याच जागी अडकेल.