जुन्या गाडीचा सायलेन्सर: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

पद्मिनी, अँबॅसडर, हेराल्ड गोडाऊनमधून बाहेर काढून उभ्या करणारे वाढलेत, बरं वाटतं. पण सायलेन्सरबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न येतात आणि बरेचसे "गॅरेजवाला म्हणाला" असेच सुरू होतात, म्हणून एकदाच सगळ्यांची उत्तरं देतो.

१९८४ ची पद्मिनी आहे. फ्री फ्लो (धूर कमी अडवणाऱ्या) सायलेन्सरने पिकअप वाढतो म्हणतात, दुसरा मेकॅनिक म्हणतो इंजिनाला बॅक प्रेशर (धुराला मागे रेटणारा दाब) लागतंच. खरं कोणाचं? (सोलापूर)

दोघांचंही अर्धवट. बॅक प्रेशर कुठल्याच फोर स्ट्रोक इंजिनाला नको असतं, हवा असतो तो धुराचा वेग. नळी उगाच रुंद केली की कमी आरपीएमला हा वेग पडतो, सिलिंडर नीट रिकामा होत नाही, आणि गावात सिग्नलवरून निघताना जी ओढ लागते तीच जाते. १०८९ सीसीचं इंजिन आहे ते, आवाज वाढवल्याने ताकद वाढत नाही. धूर खरंच मोकळा झाला तर मिक्स्चर लीन होऊ शकतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, मग कार्बोरेटरचे जेट बघावे लागतात, आणि ते न बघता "लावून टाका साहेब" म्हणणारा तुम्हाला फक्त डबा विकतोय. मूळ मापाची नळी ठेवा, पिकअप नसेल तर आधी कॉम्प्रेशन तपासून घ्या.

प्लंबिंगचा जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप वाकवून वापरला तर? (धुळे)

नाही. वेल्डिंगमध्ये जस्त जळतं, त्या धुराने वेल्डर तापाने आडवा होतो आणि थर गेलेली नळी त्या जागी गंजतेच.

एसएस (स्टेनलेस स्टील) घ्यावं की साधा पत्रा? (रत्नागिरी)

खाऱ्या हवेत एसएस, पैसे असतील तर. पण "एसएस आहे" एवढ्यावर जाऊ नका, ग्रेड विचारा. ४०९ वरून गंजकट दिसतं पण टिकतं, ३०४ महाग आणि चकचकीत. ४०९ ला पॉलिश मारून ३०४ च्या भावात विकणारे आहेत, बिलावर ग्रेड लिहून घ्या. आणि सायलेन्सर आतूनही सडतो बरं का, जवळच्या फेऱ्यांत तो पुरता तापत नाही, पाणी आत साचतं. रविवारी दहा मिनिटं स्टार्ट करून बंद करण्यापेक्षा महिन्यातून एकदा लांब फिरवा.

मागच्या सीटवर मुलांचं डोकं दुखतं, मळमळतं. मेकॅनिक म्हणाला जुन्या पेट्रोल गाडीला वास येणारच, परफ्यूम ठेवा. पीयूसी पास आहे. दिवाळीनंतर काम काढू का? (नाशिक)

नाही, आज गाडी बंद करा. त्या मेकॅनिकला माझा नमस्कार सांगा आणि दुसरा शोधा.

हा वास नुसता वास नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वासच नसतो, वास येतो तो धुरातल्या बाकीच्या गोष्टींचा, म्हणजे परफ्यूम लावून तुम्ही मिळणारी एकमेव सूचना झाकताय. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. पीयूसीचं म्हणाल तर या वयाच्या पेट्रोल गाडीला आयडलिंगवर ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड चालतो, म्हणजे दहा लाख भागांत ३०,००० भाग (पीपीएम)! तो नळीच्या टोकाला मोजलेला आकडा आहे, केबिनमध्ये काय शिरतंय ते पीयूसीवाला बघतच नाही.

शिरतो कुठून? मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या नळ्यांचं) पॅकिंग, फ्लँज (नळ्या जोडायची बोल्टची कडा), सायलेन्सरची शिवण, तिथून बाहेर पडतो आणि कार्पेटखाली सडलेल्या पत्र्यातून, केबलच्या भोकातल्या फाटलेल्या रबरी ग्रोमेटमधून वर येतो. कुठेच लीक नसलं तरी चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, डिकीचं रबर गेलेलं असेल तर टेलपाइपचा धूर डिकीतून मागच्या सीटवर. नळी बॉडीच्या कडेच्या आत कापलेली असेल तर विचारूच नका. काचा उघड्या ठेवू म्हणाल तर तेवढ्यावर भरवसा नाही, कधीकधी त्यानेच धूर आत ओढला जातो.

इंजिन थंड असताना, उघड्यावर, मेकॅनिककडून तपासून घ्या: स्टार्ट करून जाड फडक्याने टेलपाइप क्षणभर दाबायचा, जिथे फुसफुस ऐकू येते किंवा जोडावर काजळी दिसते तिथे लीक. फायर पेस्ट (भोक बुजवायचा लेप) चोपडून परत देऊ नका म्हणावं, पत्रा बदलायचा, पॅकिंग नवं. केबिनमध्ये बॅटरीचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म ठेवा, पण दुरुस्तीनंतर, दुरुस्तीऐवजी नाही. आणि मुलांना डॉक्टरांकडे न्या, "गाडीचा धूर" हे शब्द आवर्जून सांगा. घरातला ऑक्सिमीटर ९८ दाखवेल, त्यावर विसंबू नका, त्याला ऑक्सिजन आणि या वायूतला फरक कळत नाही.

नळीला कापडी हीट रॅप गुंडाळू का? (पुणे)

नको, खाली ओल धरते.

अँबॅसडरचं पॅकिंग बदललं तरी फटफट चालूच. (कोल्हापूर)

जुन्या १४८९ सीसी इंजिनाला इनटेक (हवा-पेट्रोल आत नेणारं) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर काढणारं) मॅनिफोल्ड एकाच बाजूला, पॅकिंगही सामाईक. दोन्हीच्या फ्लँजची जाडी सारखी नसेल तर वॉशर एकालाच दाबतो. दोन्ही एकत्र फेसिंग करून (बसणारी बाजू मशीनवर सपाट करून) घ्या, मशीन शॉपवाल्याला हेड दाखवूनच. स्टड तुटला असेल तर घरी ड्रिल मारत बसू नका.

५२ वर्षांची गाडी आहे, व्हिंटेज रजिस्ट्रेशन करायचंय. सायलेन्सर बदललेला चालेल? (पणजी)

२०२१ च्या नियमांत ५० वर्षांवरच्या गाडीला व्हीए (व्हिंटेजसाठीच्या मालिकेतला) नंबर मिळतो, फी २०,००० रुपये, पण चॅसिस, बॉडी शेल, इंजिनात मोठे बदल नकोत. सायलेन्सर त्या यादीत नाही म्हणून काहीही लावा असा अर्थ कोणी सांगत असेल तर ऐकू नका. आवाज आणि धुराचे नियम आहेतच, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये १०,००० पर्यंत दंड, तुरुंगवासाचीही तरतूद आणि लायसन तीन महिने अपात्र. व्हीए गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही हेही एजंट सांगणार नाही. आरटीओत स्वतः जाऊन विचारा.

रिस्टोरेशनमध्ये सायलेन्सर कधी बसवायचा? (ठाणे)

इंजिन-गिअरबॉक्स नव्या माउंटिंगवर बसल्यावर, गाडी चाकांवर उभी असताना. आधी सगळं ढिलं जोडायचं, मग पुढून मागे टाइट करत यायचं. ब्रेक पाइप, हँडब्रेक केबल आणि पेट्रोलची लाइन यांच्यापासून नळी लांब आहे ना, ते मेकॅनिकबरोबर स्वतः खाली वाकून बघा, आणि एकदा गरम होऊन थंड झाल्यावर फ्लँजचे नट परत टाइट करून घ्या.