सिंगापूरचं नंतर बघू, आधी घरात विमा कोणाचा काढलाय ते बघा

चिंचवडच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३३, आयटीत नोकरी, महिन्याला हातात १ लाख १५ हजार येतात. बाळ झाल्यावर मिसेसनी नोकरी सोडली, मुलगी आता २० महिन्यांची आहे. घराचा हप्ता ३८ हजार, घरखर्च ५० हजार, एसआयपी ५ हजारांची, एफडी ४ लाखांची. प्रश्न असा की १४ नोव्हेंबरला मुलगी दोन वर्षांची होते, त्या सुमारास सिंगापूर करून आलो तर तिचं तिकीट फुकट पडेल, टूरवाल्याने ११ ते १७ नोव्हेंबरचं ३ लाख २० हजारांचं पॅकेज दिलंय, तर पर्सनल लोन घेऊ की एफडी मोडू?

दोन्ही नको.

आधी तिकिटाचं सांगतो कारण ते पटकन संपतं. दोन वर्षांच्या आतलं मूल इंटरनॅशनल फ्लाइटला फुकट जात नाही, साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या १० टक्के किंवा ठरावीक रक्कम घेतात आणि त्यात सीट मिळत नाही, मूल मांडीवर. आणि वय बघतात ते प्रवासाच्या तारखेचं. तुम्ही १७ तारखेला परत येणार, तेव्हा ती दोन वर्षं पूर्ण झालेली असणार, म्हणजे येताना तिला सीट घ्यावीच लागेल. टूरवाल्याला जन्मतारीख सांगितली होती का? सांगूनही त्याने हे बोललं नसेल तर पॅकेजमध्ये अजून काय काय बोललेलं नाही ते एकदा नीट विचारून घ्या. वर हा भाऊबीजेनंतरचा आठवडा, भाडी चढलेलीच असतात.

लोनचं गणित. ३ लाख २० हजार, १४ टक्के, दोन वर्षं धरा, हप्ता १५ हजारांच्या पुढे आणि व्याज ५० हजारांच्या जवळ. तुमची महिन्याची शिल्लक किती ते काढलंत का? तुमच्याच आकड्यांवरून २२ हजार, त्यातून मुलीच्या चाइल्ड प्लॅनच्या वार्षिक हप्त्यासाठी महिन्याला १० हजार बाजूला काढले (त्या प्लॅनवर पुढे येतो) की १२ हजार. १२ हजारांत १५ हजारांचा हप्ता बसत नाही. एफडी मोडली तर ८० हजार उरतात आणि तुमच्या घराला हप्ता धरून महिन्याला ८८ हजार लागतात, म्हणजे नोकरीत काही झालं तर एक महिनाही निघणार नाही. आणि कमावणारे तुम्ही एकटे.

आता जे तुम्ही विचारलं नाही त्यावर येतो. पत्राच्या शेवटून दुसरी ओळ अशी आहे: "विम्याची काळजी नाही, मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरने तिच्या नावाने चाइल्ड प्लॅन करून दिलाय, वर्षाला १ लाख २० हजार, १० वर्षं भरायचे, २० वर्षांनी २४ लाख, पैसे डबल, टॅक्सपण वाचतो." ही ओळ वाचून मी सिंगापूर बाजूला ठेवलं. पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो तुम्ही जोडलाय, त्यात विमा उतरवलाय तो मुलीचा. तुमचा नाही. तुमच्या नावावर आहे तो फक्त कंपनीचा २० लाखांचा ग्रुप विमा, जो नोकरी सुटली की त्या दिवशी संपतो.

विमा कोणाचा काढायचा असतो? ज्याच्या जाण्याने घरातला पैसा थांबतो त्याचा. दोन वर्षांच्या मुलीच्या पगारावर तुमचं घर चालत नाही, तुमच्यावर चालतं. उद्या तुम्हाला काही झालं तर ४२ लाखांचं होम लोन बाकी, मिसेसना नोकरी नाही, आणि पॉलिसी सुरू ठेवायची तर हप्ताही त्यांनीच भरायचा, कारण प्रीमियम वेव्हर रायडर (आईवडील गेले तर पुढचे हप्ते माफ करणारी जोड) त्या पानावर दिसत नाहीये. ज्या माणसाने हे विकलं त्याला तुमच्या घरात कमावणारा एकच आहे हे माहीत होतं, सॅलरी अकाउंट त्याच्याच ब्रँचला आहे. असं विकलेलं बघितलं की मला राग येतो आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

"पैसे डबल" कडे पण बघू. तुम्ही १० वर्षांत १२ लाख भरणार, पहिला हप्ता २० वर्षं अडकतो, शेवटचा ११, सरासरी साडेपंधरा वर्षं. साडेपंधरा वर्षांत दुप्पट म्हणजे व्याज किती? ढोबळ हिशोबाला ७२ ला वर्षांनी भागायचं, इथे साडेपंधराने, साधारण साडेचार टक्के. आजचा पीपीएफ ७.१ टक्के देतो, त्याच हप्त्यांचे तिथे २० वर्षांनी ३५ लाख होतात. डबल हा शब्द किती वर्षांत ते न सांगता वापरला की भला माणूस पण फसतो, तुम्ही शिकलेले आहात म्हणून फसणार नाही असं नसतं. टॅक्सचं तर अजून सोपं, तुम्ही स्वतःच लिहिलंय की न्यू रिजीम घेतलीय, तिथे विम्याच्या हप्त्यावरची सूट (जुनं ८०सी) मिळतच नाही. वाचलेला टॅक्स शून्य.

आणि दुसरा हप्ता येतोय कधी? नोव्हेंबरमध्ये, तिच्या वाढदिवसालाच. म्हणजे ज्या आठवड्यात सिंगापूर त्याच आठवड्यात १ लाख २० हजार भरायचे, हे तुमच्या पत्रात कुठेच धरलेलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे, दुसरा हप्ता भरू नका. फ्री लूकचे, म्हणजे पॉलिसी पटली नाही तर परत करायचे, ३० दिवस कधीच गेले, त्यामुळे पूर्ण पैसे परत मिळणार नाहीत. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनी एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरून पहिलं पॉलिसी वर्ष संपलं की सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी मध्येच बंद केली तर परत मिळणारे पैसे) द्यावी लागते, पण ती भरलेल्याच्या बरीच कमी असणार. तरी मी सर्वात वाईट धरतो, १ लाख २० हजार पूर्ण बुडाले. उरलेल्या नऊ हप्त्यांचे दरवर्षी २० हजार तुमच्या टर्म इन्शुरन्सला (तुम्ही गेलात तरच घराला पैसे देणारा साधा विमा) द्या आणि १ लाख मुलीच्या सुकन्या समृद्धीत टाका. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी तिथे त्याच २० व्या वर्षाला ३० लाखांच्या आसपास होतात, दर सरकार तिमाहीला ठरवतं म्हणून २७-२८ धरा. नऊ वर्षांनंतर पंधराव्या वर्षापर्यंत दरवर्षी किमान २५० रुपये टाकत राहायचं, खातं चालू राहतं. म्हणजे एक हप्ता बुडवूनही तुम्ही पुढे, आणि वर तुमच्या जिवावर दीड कोटींचा विमा. टर्मचा हप्ता तुमच्या वयाला, सिगारेट नसेल तर, १५ ते २० हजारांत बसायला हवा, सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. दीड कोटी का? ४२ लाख कर्जाचे, बाकी १ कोटी ८ लाखांवर ६ टक्के धरले तरी महिन्याला ५४ हजार, तेवढा तुमचा घरखर्च आहे. साठीपर्यंतची साधी पॉलिसी घ्या, पैसे परत मिळणारी वगैरे काही नको. आजार, सिगारेट, दारू जे असेल ते फॉर्ममध्ये खरं लिहा, क्लेमच्या वेळी विमा कंपनीला कागद मिसेसनीच दाखवायचे आहेत.

कंपनीचा मेडिक्लेम ५ लाखांचा आहे असं लिहिलंय, तोही नोकरीबरोबर जातो, तिघांचा वेगळा १० लाखांचा फ्लोटर (तिघांत मिळून एकच मेडिक्लेम) घ्या, जुलै-ऑगस्टची शिल्लक त्यात जाऊ दे. एसआयपीला १८ टक्के धरून तिच्या शिक्षणाचे जे आकडे तुम्ही मांडलेत ते खोडा, ११ धरून परत करा.

आणि सिंगापूर? जा, नक्की जा, मिसेस दोन वर्षं बाळाबरोबर घरात आहेत, मला ते पत्रात दिसतंय आणि ही ट्रिप मला उधळपट्टी वाटत नाही. फक्त एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जा, शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत. सप्टेंबर ते मार्च सात महिन्यांचे १२ हजार म्हणजे ८४, आणि एप्रिलच्या सुरुवातीला येणारं व्हेरिएबल (कंपनीचा बोनस) ९० हजार लिहिलंय तुम्ही, झाले पावणेदोन लाख. व्हेरिएबल कमी आलं तर ट्रिप पुढे जाईल, एफडी तशीच राहील, म्हणून तिकिटं ते खात्यात पडल्यावरच काढा, थोडी महाग पडली तरी.

पावणेदोनमध्ये होतं का, होतं. तीन तिकिटं २५ च्या भावाने ७५ हजार (तिची सीट धरून, साडेपाच तासांच्या फ्लाइटला ११ किलोचं मूल मांडीवर नको), पाच रात्रींचं हॉटेल ४५, जेवणखाण आणि फिरणं ३५, व्हिसा आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स १२ पर्यंत. ट्रॅव्हल इन्शुरन्स सोडू नका, तिथले दवाखाने फार महाग आहेत आणि पॉलिसीत मुलीचं नाव आहे ना ते बघा. पॅकेजमधलं युनिव्हर्सल स्टुडिओ काढून टाका, बऱ्याच राइड्सना उंचीची अट असते, तुम्ही दोघांचे पैसे भरून तिला कडेवर घेऊन फिराल. मंडाईचं झू घ्या, तीन वर्षांच्या आतल्यांना तिकीट नाही. बोटॅनिक गार्डन फुकट, त्यातलं जेकब बॅलस चिल्ड्रन्स गार्डन लहान मुलांसाठीच आहे, गार्डन्स बाय द बेचा बाहेरचा भाग फुकट. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, ९० सेंटीमीटरच्या खालच्या मुलांना तिकीट नाही आणि स्ट्रोलर उघडा नेता येतो, म्हणून स्टेशनजवळचं हॉटेल बघा, लिटल इंडियाच्या बाजूला मिळालं तर वरणभाताची पण सोय होते. दिवसाला एकच ठिकाण, सकाळी, दुपारी परत खोलीवर, तिथे दमट उकाडा असतो आणि दुपारी पाऊस कधीही येतो. टूरवाल्याच्या कागदावर दिवसाला चार ठिकाणं आहेत, ती मोठ्या माणसांची यादी आहे. मुलीचा पासपोर्ट अजून काढलेला नसेल तर आत्ताच अर्ज करा.

या आठवड्यात दोन कामं. टर्मचा अर्ज, आणि विमा कंपनीला ईमेल की एक वर्ष पूर्ण झाल्यावर आमच्या पॉलिसीची सरेंडर व्हॅल्यू किती ते लेखी कळवा. बँकेतून फोन येईल, अजून एक हप्ता भरा मग चांगलं मिळेल म्हणतील, फोनवर काही कबूल करू नका, तेही ईमेलवर मागा. आकडा आला की पॉलिसी नंबर खोडून मला पाठवा, मी बघून सांगतो.